टेबल झालं की येते

"टेबल झालं की येते," मेट्रनबाई म्हणाल्या.

ऑफिसात आम्ही तिघं होतो. त्या, त्यांचा मुलगा निरंजन आणि मी. कोणतं टेबल, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. निरंजननं माझ्याकडे पाहिलं. मी तिथला मॅनेजर होतो, मला माहीत असायला हवं होतं. मी मान हलवली. मान हलवणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता आणि तेवढा मला चांगला जमायचा.

"कुठलं टेबल?" निरंजननं विचारलं.

मेट्रनबाईंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. आधी बोट बाहेर गेलं, मागाहून नजर गेली, आणि नजरेला जे पहिलं सापडलं ते टेबल होतं. तिथं पाण्याचा हौद असता तर ही गोष्ट हौदाची झाली असती.

फलटणच्या बाहेर, उसाच्या शेतांमध्ये आमचा ज्येष्ठ निवास होता. पाटीवर 'नवचैतन्य' असं लिहिलेलं होतं आणि पाटीच्या खाली बहुतेक वेळा कुणीतरी डुलक्या घेत असायचं. जेवणघराच्या मागे शहाबादी फरशीचं एक मोकळं अंगण होतं. त्यात कडुलिंब, आणि कडुलिंबाखाली हे टेबल. गोल, लोखंडी पायांचं, वर सागवानी पट्ट्या. कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलच्या मालकानं ते आम्हाला दान दिलं होतं, कारण टाकून द्यायला टेम्पो परवडत नव्हता. ऊन खाऊन पट्ट्या राखाडी पडल्या होत्या, पायांना गंज चढला होता, आणि खाली मांजर दरवर्षी पिल्लं घालायचं. त्या टेबलाकडे कामाची वस्तू म्हणून पाहणारं ते एक मांजरच होतं, कारण त्याला निदान छप्पर हवं होतं.

"हे आम्ही सगळे मिळून नीट करतोय," मेट्रनबाई म्हणाल्या. "घासून, रंगवून. माझ्याकडे जबाबदारी आहे. मध्येच सोडून कशी येऊ?"

निरंजन त्या दिवशी आईला न्यायलाच आला होता. पुण्यात त्यानं मोठा फ्लॅट घेतला होता, नवव्या मजल्यावर, आईसाठी वेगळी खोली असलेला. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवले होते. गाडीची डिकी रिकामी करून आला होता, स्टेपनीसुद्धा घरी काढून ठेवली होती, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. रिकामी डिकी घेऊन परत जाताना त्यानं एवढंच विचारलं, की किती दिवस लागतील. मी म्हणालो, लाकडावर आहे. तो म्हणाला, काही असो, दिवाळी आपल्या घरी.

गाडी फाटकाबाहेर गेली तशा मेट्रनबाई खुर्चीत बसल्या. त्यांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं होतं. त्यांचं नाव इंदुमती खटावकर. जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नर्स म्हणून लागल्या आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. निवृत्त झाल्याचं दवाखान्यानं त्यांना कळवलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

"शार्दूल," त्या म्हणाल्या, "मला जायचं नाही."

माझं नाव शार्दूल आहे. शार्दूल म्हणजे वाघ. तेव्हा माझं वजन ओल्या कपड्यांसकट पन्नासच्या आसपास असेल. निवासातल्या लोकांना दिवसातून एकदा तरी या विषयावर बोलल्याशिवाय जेवण जात नसे. मेट्रनबाई मात्र कधी हसल्या नाहीत. त्या मला फक्त दूध प्यायला लावत.

मी म्हणालो, मग तसं सांगा त्यांना.

"नाही सांगता येत. किती केलंय त्यानं. नाही म्हटलं तर त्याला वाटेल, आपलंच काहीतरी चुकलं."

"चुकलंय का?"

"नाही ना," त्या म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे."

 मी आप्पांना बोलावून आणलं.

आप्पासाहेब शेंडगे हे सरकारी नोकरीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. खात्याचं नाव ते कधी घेत नसत. नुसतं 'खातं' म्हणत, जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायचं टाळत तसं. सगळं ऐकल्यावर त्यांनी चष्मा पुसला. इतकं प्रसन्न मी त्यांना पेन्शनच्या दिवशीसुद्धा पाहिलेलं नव्हतं. टेबल दिवाळीपर्यंत व्हायला नको, एवढंच ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एवढंच असेल तर आत्ता आहे तसं राहू देऊ. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मॅनेजर, काम लांबवायचं म्हणजे थांबवायचं नव्हे. थांबलेलं काम डोळ्यांवर येतं. काम रोज चालू पाहिजे. माणसं घामाघूम दिसली पाहिजेत. आणि संध्याकाळी काम सकाळी होतं तिथंच पाहिजे."

त्याच संध्याकाळी टेबल जीर्णोद्धार समिती स्थापन झाली. मेट्रनबाई अध्यक्ष, आप्पा कार्याध्यक्ष. त्यानंतर उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, प्रसिद्धिप्रमुख अशी पदं भरत गेलो आणि निवासातले सगळे रहिवासी संपले. प्रत्यक्ष काम करायला एक साधा सभासद उरला. तो मी होतो.

पहिल्या बैठकीत टेबल हिरवं असावं की तपकिरी, यावर मतदान झालं. मतं समसमान पडली, कारण सहसचिवांनी तत्त्व म्हणून मत दिलं नाही. कोणतं तत्त्व, ते पुढच्या बैठकीत सांगणार होते. तेवढ्यात अनंत चतुर्दशी होऊन गेली आणि पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवं काम सुरू करत नाहीत. आप्पांनी आकाशाकडे पाहून हात जोडले. पंधरवडाभर आम्ही रोज सकाळी टेबलाभोवती उभे राहत होतो आणि त्याच्याकडे बघून परत येत होतो. याला पाहणी म्हणतात.

निरंजन दर आठवड्याला फोन करायचा. मी सांगायचो, पाहणी चालू आहे. तो विचारायचा, एका टेबलाला इतकी?

"सागवान आहे," मी म्हणायचो.

मग तो गप्प बसायचा. सागवान म्हटल्यावर आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

एकदा तो म्हणाला, मी इथून एक सुतार पाठवतो, दोन दिवसांत करून देईल. मी फोन आप्पांकडे दिला. बाहेरचा माणूस लावायचा तर आधी तिघांकडून दर मागवावे लागतील, आणि तिघांनी एकच दर दिला तर परत मागवावे लागतील, असं आप्पांनी त्याला शांतपणे समजावलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, पोरगा सज्जन आहे, वाद घालत नाही.

नवरात्रात खरोखर काम सुरू झालं. आणि तिथं एक अडचण उभी राहिली जिचा आप्पांनी विचार केला नव्हता. मेट्रनबाईंना टेबल पूर्ण व्हायला नको होतं, पण ढिसाळ कामही खपत नव्हतं. सकाळी नाश्ता झाला की त्या वॉर्डात राउंड घ्यावा तशा अंगणात यायच्या. कुणाच्या हातात मोजे नाहीत, कुणी रक्तदाबाची गोळी न घेता उन्हात बसलंय, कुणी काचकागद पट्टीला आडवा घासतंय. लाकूड त्याच्या रेषेच्या दिशेनं घासायचं, असं त्या एकेकाचा हात धरून शिकवायच्या. खजिनदारांना वाकलं की चक्कर यायची, त्यांना उंच स्टूल दिलं. उपाध्यक्षांचा उजवा हात अर्धांगानंतर अवघडलेला होता, त्यांना मुद्दाम उजव्या हातानं तारेचा ब्रश धरायला लावलं आणि गंज काढायच्या कामावर बसवलं. पंधरा दिवसांत ते त्या हातानं चहाचा कप उचलायला लागले. टेबलाचा पाय मात्र चकाकायला लागला, आणि आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

दुपारी मेट्रनबाई झोपायला गेल्या की आप्पा येऊन दोन पट्ट्यांचे स्क्रू ढिले करून जायचे. संध्याकाळी मेट्रनबाई ते बघायच्या, काही बोलायच्या नाहीत, आणि सकाळी पुन्हा घट्ट करायला लावायच्या. आमच्याइतकं मन लावून कुणी एखादं काम अपूर्ण ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. तारेचा ब्रश, पाने, स्क्रूड्रायव्हर, आणि त्यांच्या शेजारी काचकागदाचा अख्खा गठ्ठा, सगळ्याला हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर मी गठ्ठ्यातला एक कागद उचलला तर आप्पांनी माझा हात धरला. पूजा झालेला काचकागद लाकडावर घासणार? मी म्हणालो, आप्पा, स्क्रूड्रायव्हरचीही पूजा झाली आहे. ते म्हणाले, स्क्रूड्रायव्हर टिकतो, कागद झिजतो, देव झिजवायचा नसतो. यावर बैठक झाली. गठ्ठ्याचं विहिरीत रीतसर विसर्जन करण्यात आलं आणि नव्या काचकागदासाठी मला फलटणला पाठवायचं ठरलं. कधी पाठवायचं, ते ठरलं नाही.

त्याच आठवड्यात निरंजन न सांगता आला. आम्ही सगळ्यांनी धावत जाऊन जागा घेतल्या. त्यानं थोडा वेळ पाहिलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, गाडीतून स्वतःचा काचकागद आणला आणि आईशेजारी बसून एक पट्टी घासायला घेतली. मेट्रनबाई त्याला एकदाच म्हणाल्या, रेषेच्या दिशेनं. त्यानंतर दोघं पट्टी संपेपर्यंत घासत होते. त्याची पट्टी आतल्या रंगावर आली, मधासारखी. तो गेल्यावर आप्पांनी ती पट्टी पातळीत नाही असं जाहीर केलं आणि मला म्हणाले, पोरगं कामाला आईवर गेलंय. धोका आहे.

पण धोका निरंजनकडून आला नाही. तो मिरजेहून आला. त्याचं नाव श्रीपाल उपाध्ये.

उपाध्येकाकांनी जन्मभर मंगल कार्यालय चालवलं होतं. कोजागिरी झाल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, एक ट्रंक आणि भलीमोठी समई घेऊन. त्यांच्या कार्यालयात एकही गोष्ट मुहूर्तानंतर झालेली नव्हती. एकदा नवरा मुलगा वाटेत अडकला तर त्यांनी स्वतः मोटारसायकलवर जाऊन त्याला आणला आणि अक्षता पडायच्या आत बोहल्यावर चढवला. त्यांना फक्त एकच प्रश्न पडायचा, वेळ कधीची आहे.

या माणसाला आमचा बेत सांगायला हवा, हे सगळ्यांना पटलं. कुणी सांगायचं, यावर बैठक बसली. विषय नाजूक असल्यामुळे तो उपसमितीकडे सोपवला. उपसमितीची पहिली बैठक दिवाळीच्या आधीच्या सोमवारी ठेवली. ही तारीख आप्पांनी सवयीनं दिली. सवय वाईट असते.

कारण त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी गावात डोळे तपासणीचं शिबिर होतं. मी सगळ्यांना गाडीत घालून तिकडे नेलं. उपाध्येकाका म्हणाले, माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं गेल्याच महिन्यात झालीत, लख्ख दिसतं, तुम्ही जाऊन या. म्हणजे निवासात त्या दिवशी ज्याला स्वच्छ दिसत होतं असा एकच माणूस मागे राहिला. आणि रविवारी दिवाळीसाठी आईला न्यायला निरंजन येणार आहे, एवढी बातमी त्याला आमच्या स्वयंपाकीणबाईंनी दिली.

आम्ही परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. निम्म्या लोकांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून ते बोलत होते. उरलेले गप्प झाले.

टेबल पूर्ण झालं होतं.

नुसतं पूर्ण नव्हे. पट्ट्या सगळ्या जागेवर, एका पातळीत, वॉर्निश चढवलेल्या. पाय काळ्या रंगात. हिरवा की तपकिरी हा प्रश्न त्यांनी एकट्यानं सोडवला होता. खाली ठिपक्यांची रांगोळी, कडुलिंबाला झेंडूची माळ. उपाध्येकाका टोपी घालून, हात जोडून अंगणाच्या तोंडाशी उभे होते, वरपक्षाच्या स्वागताला उभे असावेत तसे.

"या," ते म्हणाले. "कार्य उद्याचं, आणि टेबल असं पडलेलं. मला बघवेना."

त्यांनी कौतुकाची वाट पाहिली. आम्ही सगळे शोकसभेत दोन मिनिटं उभं राहतात तसे उभे होतो. शेवटी सचिवांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. उपाध्येकाका मटकन बसले. नव्या वॉर्निशला हात लागेल म्हणून बसतानाही टेबलापासून लांब बसले.

"मला कुणी बोललंच नाही," ते म्हणाले.

"उपसमिती सोमवारी होती," आप्पा म्हणाले.

मग एकच गडबड उडाली. एक पाय मोडावा, असं आप्पांचं म्हणणं पडलं. त्याला ते तांत्रिक बिघाड म्हणत होते. उपाध्येकाका स्क्रूड्रायव्हर घेऊन उठले. अख्खा मांडव उतरवायला मला अर्धा तास लागतो, म्हणाले, हे तर टेबल आहे, चहा होईपर्यंत सुटं करून देतो. कुणी वॉर्निश खरवडायचं सुचवलं. मेट्रनबाई या सगळ्यातून टेबलापर्यंत गेल्या. वाकून कडेनं पाहिलं. बोटाच्या मागच्या बाजूनं वॉर्निश सुकलंय का ते तपासलं.

"कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "उत्तम झालंय. उपाध्ये, फार चांगलं काम केलंत." थोड्या वेळानं म्हणाल्या, "शार्दूल, माळ्यावरची माझी बॅग काढून दे."

मी बॅग काढून दिली. ती हलकी होती. त्या रात्री जेवणाला मेथीची भाजी होती आणि ती तशीच राहिली, एवढंच सांगतो.

रविवारी सकाळी निरंजन आला. या वेळीही स्टेपनी घरी ठेवून आला होता. मेट्रनबाई इस्त्रीची साडी नेसून अंगणात बसल्या होत्या, बॅग पायाशी. आम्ही टेबलावर चहा मांडला. त्या टेबलावर मांडलेला पहिला चहा. पोहे होते, चकल्या होत्या. निरंजननं टेबलावरून तळवा फिरवला, आपण घासलेली पट्टी ओळखली आणि तिच्यावर बोट ठेवून हसला. म्हणाला, मानलं तुम्हाला सगळ्यांना.  त्यानं चकली घेतली. ती मोडल्याचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

उपाध्येकाका उभे राहिले.

"साहेब, चूक माझी आहे. हे टेबल पूर्ण करायचं नाही, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं."

निरंजन हसत होता, तसाच थांबला. आप्पा कडुलिंबाच्या शेंड्याकडे बघायला लागले. मी चहाच्या गाळणीत काही अडकलंय का ते पाहत होतो.

"पूर्ण करायचं नाही म्हणजे?" त्यानं उपाध्येकाकांना विचारलं, मग मला, आणि मग आईकडे वळला. "आई, पूर्ण करायचं नाही म्हणजे काय?"

मेट्रनबाईंनी बॅगेवरचा हात काढला.

"मला यायचं नव्हतं, निरू. म्हणून."

त्यानं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. "हे सगळे?"

"सगळे."

"आणि तो पितृपक्ष?"

"तो खरा होता," आप्पा म्हणाले. "त्याचा आम्ही फक्त फायदा घेतला."

निरंजन उठला. भिंतीपर्यंत गेला, परत आला. तो रागावेल असं मला वाटलं होतं. पण त्याचा चेहरा शाळेतून लवकर परत आलेल्या आणि घराला कुलूप असलेल्या मुलासारखा झाला होता. अपर्णा काही बोलली का, त्यानं विचारलं. अपर्णा त्याची बायको. उन्हाळ्यात मेट्रनबाई आठवडाभर त्यांच्याकडे राहून आल्या होत्या.

"अपर्णा? ती मला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "सोन्यासारखी पोरगी आहे."

"मग काय झालं?"

"माझ्या पलंगाला तू घंटी बसवलीस. म्हणालास, आई, काही लागलं तर दाब, आम्ही लगेच येतो."

"हो. चुकलं का माझं?"

"सगळी नोकरी मी त्या घंटीला धावले, निरू. वाजली की झोपेत पाय जमिनीला लागायचे. आणि तुझ्याकडे मी त्या पलंगावर बसून घंटीकडे बघत होते. रोज, दिवसभर. एकदाही दाबली नाही. मला काही लागतच नव्हतं. मला दाबायला घंटी नको रे. ती ऐकून उठायला काम हवं होतं. इथं हे सगळे मला दिवसभर हाका मारतात. कुणाची गोळी चुकते, कुणाची कंबर धरते. हा मॅनेजर तर दूधही सांगितल्याशिवाय पीत नाही."

मी गाळणी खाली ठेवली.

निरंजन खुर्चीत बसला. त्या मधाच्या रंगाच्या पट्टीवर त्यानं पुन्हा तळवा ठेवला.

"लोक मला विचारतात, आईला आश्रमात ठेवलंस का? त्यांना काय सांगू?"

"सांग, ठेवलेली नाही. ती राहते तिथं."

त्यानं खुर्ची आईजवळ ओढली. मग आम्ही तिथं आहोत हे विसरल्यासारखा हळू आवाजात म्हणाला, "एक सांगू? तू चिडशील."

"सांग."

"आम्ही दोघं सकाळी बाहेर पडतो ते अंधार पडल्यावर येतो. तू नवव्या मजल्यावर एकटी. गेले दोन महिने गाडी चालवताना मला तेच दिसतंय. तू पडलीस तर. दार आतून लावलेलं असलं तर. आत्ता तू यायचं नाही म्हणालीस ना, तेव्हा मला एकदम सुटल्यासारखं वाटलं." त्यानं डोळे पुसले. "आणि त्याची लाज वाटली."

"हात दे," मेट्रनबाई म्हणाल्या.

त्यानं हात पुढं केला. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि आपल्या घड्याळाकडे बघत राहिल्या. आम्ही सगळे निकाल लागायचा असल्यासारखे बसलो होतो. त्यांनी पूर्ण मोजलं, मध्येच सोडलं नाही.

"उपाशी आलायस," त्या म्हणाल्या. "लाज राहू दे. आधी पोहे खा."

त्यानं पोहे खाल्ले. दोन बशा. त्याला खाताना बघून आम्हाला सगळ्यांना भयंकर भूक लागली. सगळे एकाच वेळी बोलायला लागले. उपाध्यक्षांनी उजव्या हातानं कप उचलून निरंजनला दाखवला. सहसचिवांनी टेबल तपकिरी झालं हे बरंच झालं असं सांगितलं, म्हणजे आपलं मत काय होतं ते आम्हाला कळलं. उपाध्येकाका कुणाला चटणी कमी पडतेय का ते बघत फिरत होते. मला एकाएकी हसू यायला लागलं आणि ते थांबेना, म्हणून मी आत जाऊन आणखी पोहे आणले.

बॅग मात्र बांधलेली होती. मेट्रनबाईंनी निकाल दिला, की दिवाळीचे चार दिवस त्या पुण्याला येणार. पाहुणी म्हणून. पण पाहुणी असल्या तरी करंज्या त्याच लाटणार, आणि घंटी काढून ठेवायची. निरंजन म्हणाला, जाता जाता स्क्रूड्रायव्हर घेऊन जातो, घरी गेल्या गेल्या काढतो. भाऊबीज झाली की परत आणून सोडायचं, असंही ठरलं.

गाडीत बसताना आप्पा खिडकीशी आले. चेहरा गंभीर, हात पाठीमागे.

"चार दिवस म्हणजे चार दिवस," ते निरंजनला म्हणाले. "मुदतवाढ मिळणार नाही."

"लेखी देऊ का?"

"नको," आप्पा म्हणाले. "लेखी दिलं की लांबतं."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही जेवायला बसत होतो तेव्हा गाडी फाटकातून आत आली. मेट्रनबाई उतरल्या. हातात करंज्यांचा डबा होता. नमस्कार, कसे आहात, असलं काही नाही. त्यांची नजर आमच्यावरून सरळ अंगणात गेली.

"टेबलावर ओला पंचा कुणी वाळत घातलाय?" त्यांनी विचारलं.

आम्हा सगळ्यांना इतकं बरं वाटलं की पंचा कुणाचा, हे कुणीही सांगितलं नाही.